घाटाखालची केळी

मुंबई-आग्रा रस्त्याने इंदूरहून निघून महू ओलांडलं की मानपूर येतं. माळव्याचं पठार इथे संपतं. शेजारी जानापावचा डोंगर, ८५४ मीटर उंचीचा. त्याच्या एका अंगावर पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला जातो, दुसऱ्या अंगावरचा नर्मदेत उतरतो. मानपूर सोडलं की घाट लागतो आणि गुजरीच्या पायथ्याशी आपण निमाडात असतो. उन्हाळ्यात काच खाली करून हा घाट उतरावा. माथ्यावर वारा कोमट असतो, मधल्या वळणांवर तो गरम होतो आणि पायथ्याला तोंडावर झळ बसते. पठार साडेपाचशे मीटरच्या आसपास, तर खलघाटाला नर्मदेचं पात्र दीडशे मीटरच्या जवळपास. एवढ्या उतरणीत माती, पीकपद्धती आणि उन्हाचा ताप, सगळंच बदलतं.

मी तापीकाठचा. चोपड्याकडून शिरपूर, सेंधवा करत महूच्या नातेवाइकांकडे जाताना हा रस्ता शेकडो वेळा तुडवलाय. तापीच्या खोऱ्यात केळी आणि नर्मदेच्या खोऱ्यात कापूस, मिरची, मका, ही विभागणी लहानपणी मला निसर्गानेच ठरवून दिल्यासारखी वाटायची. आता ती तशी राहिलेली नाही. बऱ्हाणपूर तर केळीचाच जिल्हा, मध्य प्रदेश सरकारने 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत त्याच्यासाठी केळीच निवडली. पश्चिम निमाडातही विहिरीत जरा पाणी दिसलं की शेतकऱ्याच्या मनात केळी येते. मग प्रश्न ठरलेला: कमी पाण्यावर येईल असं केळीचं वाण कोणतं? मेळाव्यात, रोपवाटिकेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी हा प्रश्न ऐकला आहे. त्याचं उत्तर शोधायला जगात बरंच काम झालं आहे. ते काम निमाडच्या शेताला कितपत लागू पडतं, ते तपासून पाहायला हवं.

आपल्या भाषेत जमीन दोनच प्रकारची, जिरायत आणि बागायत. ज्वारीचं शेत असतं, हरभऱ्याचं शेत असतं, पण केळीची बाग असते. केळी पाण्याची, हे गृहीतच धरलेलं आहे, आणि ते चुकीचं नाही. खानदेशात केळीला वर्षाकाठी १८०० ते २००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात. १८०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १ कोटी ८० लाख लिटर. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या हेक्टरभर बागेत ४,४४४ झाडं बसतात, म्हणजे प्रत्येक झाडामागे ४,००० लिटरच्या वर पाणी. घड २५ किलोचा भरला तर किलोमागे १६० लिटर. ठिबकने ३० ते ४० टक्के वाचतं, तेव्हा हा आकडा १०० ते ११५ लिटरवर येतो. आणि ८०० मिलिमीटर पाऊस झालेल्या वर्षी त्या हेक्टरावर आभाळातून पडतं ८० लाख लिटर, तेही चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. हा हिशेब डोळ्यांसमोर असला की 'कोरडवाहू केळी' हा शब्द किती जपून वापरायला हवा ते कळतं. निव्वळ पावसावर, एकही पाणी न देता बाजाराचा घड निमाडात येणार नाही. कोणतंही वाण आणा, येणार नाही. खरा प्रश्न आहे तो मोजक्या पाण्याचा. दोन पाण्यांत किती दिवसांचं अंतर पडलं तरी झाड निसवतं आणि घड भरतं, हे वाणागणिक तपासण्याचा.

केळीला ही तहान का लागते, ते तिच्या बांधणीत आहे. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या बुडांचं एकात एक गुंडाळलेलं नळकांडं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. कंदाभोवती दोरीसारखी मुळं फुटतात, आणि त्यांतली बहुतेक वरच्या तीस-चाळीस सेंटिमीटर मातीतच पसरतात. कपाशीचं सोटमूळ खाली ओल शोधत जातं, केळीला ते जमत नाही. म्हणून मातीतल्या उपलब्ध ओलीपैकी साधारण ३५ टक्के ओल उडाली की पाणी द्यावं, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा दंडक आहे. त्यात पुन्हा पान एवढं मोठं. वैशाखात ते ऊन आणि वारा दोन्ही अंगावर घेतं.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वयाची. लागवडीनंतर साधारण पाचव्या महिन्यात कंदाच्या टोकाशी फुलाचा गर्भ धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण घडाला किती फण्या आणि फणीला किती केळी येणार, ते तिथेच ठरतं. त्या आठवड्यांत झाड तहानलं तर घड लहान होतो, पुढे कितीही पाणी पाजा. दुसरी नाजूक वेळ निसवणीनंतरची. केळफूल बाहेर पडलं की नवं पान येणं कायमचं थांबतं. त्या दिवशी झाडावर जेवढी हिरवी पानं आहेत, तेवढ्याच भांडवलावर सगळा घड भरायचा असतो. त्यातली तीन-चार लूच्या झळांनी करपली तर केळी टोकदार, कोनाची राहतात, गोलाई धरत नाहीत. व्यापारी तो माल पाहून मान फिरवतो.

केळी तहानेची तक्रारही उशिरा करते. सोयाबीन सुकलं की दुपारी मान टाकतं, केळीचं पान टवटवीत दिसत राहतं. फार तर मधल्या शिरेपासून दोन्ही पाळ्या खाली मिटतात, उघडलेली छत्री अर्धी मिटावी तशा. पानाच्या आतला चीक त्याचा ताठा टिकवून ठेवतो. त्यामुळे पान कापून त्यातलं पाणी मोजलं तर फसगत होते, झाड ताणात असूनही पान भरलेलंच निघतं. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड टर्नर यांनी केळीच्या पाण्याच्या वागणुकीवर आयुष्यभर काम केलं. ताण ओळखायचा तर नव्या पानाचा वेग मोजा, हे त्यांच्या लिखाणातलं सगळ्यात उपयोगी सांगणं. माती जराशी कोरडी होऊ लागली की सगळ्यात आधी पान फुटण्याचा वेग मंदावतो. टपकणाऱ्या चिकाची घनता मोजून ताण ओळखण्याची पद्धतही याच धाटणीच्या संशोधनातून आली.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. शेंड्यातून वर येणारी सुरळी असते ना, तिच्या खालच्या, शेवटच्या उलगडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा आणि तारीख लिहायची. ऐन पावसाळ्यात आठवड्याला एक पान सुटतं. मार्चनंतर पाण्याची पाळी चुकली की त्याच झाडाची सुरळी जागच्या जागी दिसते, आज पाहा, चार दिवसांनी पाहा, टोक तेवढंच. ज्या झाडाची सुरळी थांबत नाही, ते झाड ताण सोसतंय. वाण पारखायची इतकी स्वस्त कसोटी दुसरी नाही.

आता वाणांकडे वळू. जगातली खाण्याची केळी बहुतांशी दोन रानटी पूर्वजांपासून आली, मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. पहिलीच्या गुणसूत्रांच्या संचाला ए म्हणतात, दुसरीच्या संचाला बी. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी पंधरा बाह्य लक्षणांना गुण देऊन कोणत्या वाणात कोणाचा वाटा किती, हे ठरवायची पद्धत बसवली. आजही ती वापरात आहे. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही आपली सगळी बाजाराची केळी कॅव्हेंडिश घराण्यातली, निव्वळ एएए. कोकणातली सफेद वेलची एबी. लाल वेलची, म्हणजे तमिळनाडूतली पूवन, एएबी. बेळगाव-धारवाडकडची राजापुरी आणि वसईकडे जिची सुकेळी करतात ती राजेळी, दोन्ही एएबी. भाजीची बनकेळ, तमिळ भागातली कर्पूरवल्ली आणि फिलिपिन्सची साबा एबीबी.

बाल्बिसियाना मूळची कोरडा ऋतू असलेल्या प्रदेशातली. म्हणून बीचा वाटा जास्त तितका ताण सोसायचा गुण जास्त, असा संशोधकांचा जुना अनुभव आहे. बी गटाच्या पानांवर मेणाचा थर जाड असतो. कर्पूरवल्लीच्या फळावरून बोट फिरवा, राखेसारखा पांढुरका थर बोटाला लागतो. हवा कोरडी झाली की ही झाडं पानांची छिद्रं लवकर मिटतात. १९९८ मध्ये टर्नर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या संचांच्या तीन वाणांच्या पानांतल्या वायूंच्या देवाणघेवाणीची मोजमापं शेजारी ठेवली, तेव्हाही बी असलेलं वाण कोरड्या हवेत अधिक सावरलेलं दिसलं.

यानंतरची एक मोठी चाळणी बेल्जियममध्ये झाली. ल्यूव्हन विद्यापीठात १९८५ पासून केळीच्या वाणांचा जागतिक संग्रह आहे, तिथे दीड हजारांवर नमुने काचेच्या नळ्यांत जिवंत ठेवलेले आहेत. २०१२ मध्ये तिथल्या संशोधकांनी या इवल्या रोपांच्या खाद्यात सॉर्बिटॉल ही साखर मिसळून मुळांना पाणी ओढणं जड केलं आणि कोणती वाढ टिकवतात ते पाहिलं. एबीबी गटातलं काचाको हे वाण सरस ठरलं. पुढे तिथल्याच संशोधकांनी कुंड्या तराजूवर ठेवून, दिवसभरात झाड किती पाणी सोडतं ते मोजायला सुरुवात केली. त्यात वाणांचे स्वभाव उघड झाले. काही झाडं माती कोरडी होईपर्यंत मोकळ्या हाताने पाणी खर्चतात, काही दुपारच्या आतच हात आखडता घेतात. निमाडसाठी दुसरा स्वभाव हवा असं पटकन वाटतं. पण छिद्रं मिटली की अन्न तयार होणंही थांबतं, झाड जगतं, घड मात्र राहून जातो. पाण्याची पाळी दहा दिवसांनी येणार असेल तर कंजूस झाड बरं, चौथ्या दिवशी येणार असेल तर खर्चिक झाड जास्त पिकवील.

आपल्याकडे केळीवरचं पद्धतशीर काम जुनं आहे. तमिळनाडूत आडुतुरै इथे १९४९ मध्ये केळी संशोधन केंद्र सुरू झालं, आणि १९९३ मध्ये तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. २०१३ साली तिरुचिरापल्लीच्या संशोधकांनी दुष्काळासाठी केळीची पारख करताना काय काय मोजावं, याचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला: पान फुटण्याचा वेग, पानांचं क्षेत्र, मेण, मुळांची खोली, घडाचं वजन. कर्पूरवल्ली, मोंथन, साबा ही एबीबी वाणं त्यांच्याकडेही ताण सोसणारी म्हणून पुढे येतात, कॅव्हेंडिश मागे पडते. मोंथन म्हणजे आपल्या बनकेळीच्याच जातकुळीची. आफ्रिकेतलं एक काम मला यात फार मोलाचं वाटतं, कारण ते नळीत-कुंडीत नव्हे, उघड्या शेतात झालं. युगांडात केळी पावसावरच घेतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाऊस १०० मिलिमीटरने घटला की घडाचं वजन ८ ते १० टक्क्यांनी घटताना दिसलं, आणि वर्षाला ११०० मिलिमीटरच्या खाली पाऊस असलेल्या भागांत नुकसान ठळक होतं. निमाडचा वर्षाचा एकूण पाऊस त्या रेषेच्याही खाली आहे. शिवाय युगांडाच्या उंचवट्यावर पाऊस वर्षात दोनदा येतो आणि हवा थंड असते.

या साऱ्या कामाचा मी आदर करतो, तरी त्याच्या आधारावर आज निमाडच्या शेतकऱ्याला 'हे लाव' असं छातीठोकपणे सांगता येत नाही. नळीतल्या रोपाला कंद नाही, वारा नाही, ४४ अंशांची दुपार नाही. केळीची वाढ ३८ अंशांच्या पुढे तशीही खुंटते, तेव्हा उष्णता आणि तहान एकाच वेळी आली तर वाण काय करतं, हे कुंडीत कळत नाही. बहुतेक चाचण्या एका पिकावर थांबतात. कोरड्या भागात खरी परीक्षा पिलबागेची, म्हणजे पिलांवर घेतलेल्या दुसऱ्या पिकाची असते, कारण नवतीला, म्हणजे पहिल्या पिकाला, निदान कंदातली शिदोरी असते. तिसरी उणीव मला सगळ्यात मोठी वाटते. निकाल जवळजवळ नेहमी झाडामागे किलो असा लिहिला जातो. पाणी भरपूर असेल तिथे तो बरोबर आहे. जिथे पाणीच मोजकं आहे तिथे लिटरमागे किलो लिहिला पाहिजे, आणि किती झाडं दुसरा पावसाळा पाहायला जिवंत राहिली तेही.

पाहायला गेलं तर वाणांची सगळ्यात मोठी परीक्षा आमच्या जळगाव जिल्ह्याने घेतली, कुणी आखणी न करता. जुने लोक बसराई लावायचे, तिचं पीक हाती यायला सव्वा-दीड वर्ष जायचं. मग श्रीमंती आली. नंतर इस्रायलहून आलेली ग्रँड नैन ऊतिसंवर्धित रोपांच्या रूपाने घरोघर पोचली, तिच्यासोबत ठिबक आलं, आणि अकरा-बारा महिन्यांत घड कापला जाऊ लागला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र या प्रत्येक पायरीला कसोटी एकच होती: पाणी आणि खत भरपूर दिलं तर कोण जास्त भरतं. ठिबकने झाडामागचं पाणी वाचलं आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी झाडं लागली. रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरी किती खोल गेल्या ते तिथल्या कुठल्याही घरात विचारा. तापीच्या खोऱ्यातला भूजलसाठा भरून काढण्याच्या महाप्रकल्पासाठी २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने करार केला, तो या तहानेपोटीच. निमाडने आमच्याकडून रोपं जरूर घ्यावीत, पण ही वाट जशीच्या तशी घेऊ नये. हे मी केळीवर वाढलेला माणूस म्हणून सांगतो.

वाणाइतकाच लागवडीचा महिना मोलाचा आहे, आणि वाणांच्या चर्चेत तो हरवतो. आमच्याकडे दोन मुख्य हंगाम. जून-जुलैत लावतात ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग. मृगबाग फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निसवते आणि तिचा घड ऐन एप्रिल-मेच्या भट्टीत भरतो. कांदेबाग थंडीत रेंगाळते आणि उन्हाळ्यात निसवणीच्या तोंडाशी येते. कोणत्याही दिवशी लावा, वैशाख गाठतोच. तो कोणत्या वयात गाठतो, एवढंच आपल्या हातात आहे. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागतं, दोन महिन्यांच्या रोपाचं त्याच्या पाव हिश्शात भागतं. म्हणून फेब्रुवारी-अखेर कंदासकट मुनवे, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं लावली, उन्हाळाभर थोड्या पाण्यावर जगवली आणि पावसात झपाट्याने वाढू दिली, तर फुलाचा गर्भ ओलीत धरेल आणि घड पुढच्या उन्हाच्या आत उतरेल, असं गणित मांडता येतं. त्यात धोका थंडीचा. निसवण डिसेंबर-जानेवारीत सापडली तर घड खोडाच्या गळ्यातच अडकतो. वाण आणि महिना एकत्र तपासल्याशिवाय हे गणित सुटणार नाही. उन्हाळी लागवडीसाठी दीड किलो वजनाचा कंद असलेला तलवारी मुनवा ऊतिसंवर्धित कोवळ्या रोपापेक्षा चिवट ठरावा, असा माझा अंदाज आहे. त्यात रोग घरात आणायची भीती असते, म्हणून बाग पारखून घ्यावी लागते.

आणि इथे मानपूरचा घाट आडवा येतो. इंदूरला कोरडवाहू शेतीच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र आहे, शिकलेली माणसं आहेत, जमीन आहे. ज्वारी, सोयाबीन, हरभऱ्यावर तिथे मोलाचं काम झालं. पण केळीची परीक्षा पठारावर घेतली तर तिचा निकाल निमाडच्या कामाचा नाही. माळव्यात थंडीच्या काही रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, दंव गोठतं, आणि केळी सोळा अंशांखालीच कुडकुडून थांबते. तिथे हिवाळा सोसणारं वाण पहिलं येईल, घाटाखाली उन्हाळा सोसणारं. चारशे मीटर उतरलं की तापमानात दोन-अडीच अंशांचा फरक पडतो, एप्रिल-मेमध्ये तोच फरक पिकाच्या मुळावर येतो. तेव्हा चाचणीचं शेत पायथ्यालाच हवं: एक काळ्या भारी जमिनीत, एक हलक्या मुरमाड जमिनीत. काळी जमीन ओल धरते हे खरं, पण सुकली की तिला भेगा पडतात आणि केळीची दोरीसारखी मुळं तटातट तुटतात. पावसाळ्यात तीच जमीन पाणी साचवते आणि कंद कुजतो. मुरमाड जमीन पाणी धरत नाही, पण निचरा देते. कोणतं वाण कुठे टिकेल, ते आज सांगता येत नाही.

शेत असं मांडलं तर माझ्या मते त्यात ग्रँड नैन तुलनेसाठी ठेवावी, आणि तिच्या शेजारी राजापुरी, सफेद वेलची, लाल वेलची, कर्पूरवल्ली, बनकेळ. प्रत्येकीला तीन पट्टे: एकाला भरपूर पाणी, दुसऱ्याला त्याच्या निम्मं, तिसऱ्याला पाऊस संपल्यावर फक्त मोजक्या जीवदान पाळ्या. दोरे बांधून पानं मोजावीत. निसवणीची तारीख, त्या दिवशीची हिरवी पानं, फण्या, घडाचं वजन, मीटरवरचं पाणी, आणि जूनमध्ये कंदाला किती जिवंत मुनवे आहेत ते लिहावं. नवती आणि पिलबाग मिळून निदान अडीच वर्षं लागतील. तेवढा धीर धरावा लागेल, कारण एखादं वर्ष चांगल्या पावसाचं निघालं तर सगळीच वाणं हुशार दिसतात.

रोगाचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो डावलून चालणार नाही. ताण सोसणारी बी गटाची वाणं निर्धोक नाहीत. कर्पूरवल्ली आणि मोंथन पनामा मर रोगाच्या जुन्या वंशाला सहज बळी पडतात. हा रोग आणणाऱ्या बुरशीचा टीआर-४ हा नवा वंश कॅव्हेंडिशला मारतो, आणि भारतात तो बिहार, उत्तर प्रदेश, गुजरातप्रमाणे बऱ्हाणपूर जिल्ह्यातही सापडला आहे. म्हणजे निमाडच्या दारातच. मातीत शिरलेली ती बुरशी दशकानुदशकं जात नाही, म्हणून बऱ्हाणपूर भागातून आणलेले मुनवे डोळे मिटून लावणं महागात पडेल. आणखी एक गोष्ट संशोधकांनी दाखवली आहे. पट्टेरी विषाणूचे तुकडे बी संचाच्या गुणसूत्रांतच जडलेले असतात आणि काही संकरांत ताण पडला की ते जागे होतात. ज्या गुणासाठी बी हवा, त्याच्या पोटातच ही जोखीम आहे.

मातीबद्दल बोलायला इंदूरइतकी योग्य जागा नाही. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे वनस्पती उद्योग संस्था उभी केली. मूळ काम कापसाचं, पण जगभर नाव झालं ते शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याच्या 'इंदूर पद्धती'चं. १९३१ मध्ये त्यावरचं पुस्तक निघालं तेव्हा हॉवर्ड यांच्या बरोबरीने सहलेखक म्हणून नाव होतं यशवंत वाड यांचं. शेणाला, पालापाचोळ्याला, मुताने भिजलेल्या मातीला थरावर थर रचून कुजवायचं, हे या मराठी माणसाने प्रयोगशाळेत आणि खड्ड्यात दोन्हीकडे तपासलं. केळीच्या एका झाडापासून घड वगळता जेवढा पाला आणि खोड निघतं, ते बहुतेक बागांत बांधावर फेकलं जातं नाहीतर जाळलं जातं. तेच चिरून झाडाच्या बुडाशी जाड थरात अंथरलं तर वरच्या तीस-चाळीस सेंटिमीटर मातीतली ओल उन्हापासून वाचते, आणि केळीची मुळं तिथेच आहेत. वाणांच्या चाचणीत आच्छादनाचा एक पट्टा घातला नाही तर ती अर्धीच राहील. मला तर शंका आहे की, वाण बदलून जेवढं पाणी वाचेल त्याहून जास्त आच्छादनाने वाचेल.

बाजाराचा अडसर मात्र मोठा आहे. दिल्लीला जाणाऱ्या ट्रकमध्ये एकसारखी लांब, हिरवी कॅव्हेंडिश भरली जाते. पिकवणीच्या खोल्या, खोके, भाव, सगळं तिच्याच मापाचं. कर्पूरवल्लीचा काळ लांब, चौदा-सोळा महिने. राजापुरीचा घड लहान. बनकेळ कुणी हाताने सोलून खात नाही. पण इंदूरला चिवडा-फरसाणाच्या दुकानांत केळीच्या वेफर्सचे ढीग असतात, आणि सोलापूरकडे मोठ्या शहरांसाठी वेलचीच्या बागा अलीकडे लागू लागल्या आहेत. वसईकरांची राजेळी तर सुकेळीच्या रूपानेच टिकली. कमी पाण्यावर येणाऱ्या वाणाला घाऊक मंडई हवी असं नाही, घाटाच्या वर, तासाभरावरचं इंदूर शहर त्याला पुरेल. चाचणीसोबत पहिल्याच वर्षी माल विकून पाहणारा माणूस असायला हवा. नाहीतर वाण शिफारशीच्या कागदावर राहील.

दुष्काळाला तोंड कसं द्यायचं, हे केळीच्या भाऊबंदांपैकी एकाला नीट कळलं आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर कवदर येते, तीच रानकेळ. पावसाळ्यात खडकाच्या कपारीत हातभर रुंद पानं फेकते आणि दिवाळीनंतर सगळी पानं टाकून जाड कंदात झोपून जाते. तिचीच आफ्रिकन बहीण एन्सेट इथिओपियात लाखो घरांचं रोजचं अन्न आहे, दुष्काळात तर आधारच. ही दोन्ही केळीच्याच कुळातली, पण वेगळ्या प्रजातीची असल्याने केळीशी त्यांचा संकर जमत नाही. तरीही कवदरीकडे पाहिल्यावर माझ्या ध्यानात येतं की, कोरड्या प्रदेशात पान टाकून कंद वाचवणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. मे महिन्यात बाग करपली म्हणून शेतकरी उपटून टाकतो. पाऊस पडेपर्यंत थांबून कोणत्या वाणाचा कंद पुन्हा फुटतो, ते पाहायला हवं.

निमाडातली अशी झाडं मी पाहिली आहेत, चाचणीच्या शेतात नव्हे, घरामागे. गुजरीच्या पुढे एका खेड्यात न्हाणीघराच्या सांडपाण्यावर बनकेळीचा झुपका होता. घरधनी म्हणाले, "दादा, हिला आम्ही कधी लावली ते आमच्या आईलाही आठवत नाही." बाजूच्या शेतात ठिबकवरची ग्रँड नैन होती, मोटार जळल्याने तीन आठवडे पाणी चुकलेली, पानं खाली मिटलेली, बुंध्यापाशी कागदासारखी वाळलेली. मी दोन्हीकडे सुरळीच्या खालच्या देठाला निळा दोरा बांधला आणि घरातल्या मुलीला तारीख भिंतीवर कोळशाने लिहायला लावली. आठ दिवसांनी परतीच्या वाटेवर थांबलो. शेतातल्या झाडांची सुरळी होती तिथेच होती. झुपक्यात दोऱ्याच्या वर एक नवं पान उलगडलं होतं आणि दुसऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. न्हाणीचं पाणी तिला रोज मिळत होतं, हे खरं, म्हणून ती तुलना काटेकोर नाही. मुलीने विचारलं, अजून दोरे बांधू का? मी तिला सगळी गुंडी देऊन आलो.